गाडी ठोकून पळाली, आता पुढं काय? बेळगाव सीमाभागातल्या लोकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव ग्रामीण, नाहीतर पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजकडची माणसं कोर्टाच्या आवारात येतात तेव्हा पिशवीत बहुधा तीनच कागद असतात. दवाखान्याची बिलं, आधार कार्डाची झेरॉक्स आणि कन्नडमधला एफआयआर. तो घरात कुणाला धड वाचता आलेला नसतो. प्रश्नही ठरलेलेच असतात, म्हणून ते इथं एका जागी लिहून ठेवले. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या केसचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय कुठं सही करू नका.

गाडीचा नंबर मिळाला, पण ड्रायव्हर पळाला. ही केस 'हिट अँड रन' ना?

बोलीभाषेत होय. पण नुकसानभरपाईच्या कायद्यात नाही, आणि निम्मा घोटाळा इथंच होतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 मध्ये 'हिट अँड रन' म्हणजे असा अपघात, ज्यातली गाडी कुठली हे वाजवी प्रयत्न करूनही कळत नाही. ड्रायव्हर पळाला की थांबला याला तिथं महत्त्व नाही. ड्रायव्हर उसात पळून गेला, पण केए-23 पासिंगचा ट्रॅक्टर रस्त्यातच उभा राहिला, तर गाडी कळलेली आहे. मग गाडी न सापडलेल्या अपघातांसाठीच्या 2 लाखांच्या सरकारी योजनेचा फॉर्म भरत बसू नका, ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, दावा लावा. उलट अंधारात धक्का देऊन गाडी गेली आणि मागं फुटलेल्या काचेशिवाय काही उरलं नाही, तर त्या योजनेचा, म्हणजे तहसीलदार ऑफिसचा रस्ता.

फौजदारी खटला या दोन्हींपेक्षा वेगळा. तो दंडाधिकारी कोर्टात चालतो आणि त्यातून शिक्षा होते, घरच्यांच्या हाती पैसे येत नाहीत. 'पोलिसात केस झालीय, आता भरपाई येईल' म्हणून वर्षभर वाट बघणारी घरं मी पाहिली आहेत. भरपाईसाठी वेगळा अर्ज करावा लागतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

अपघात झाल्या झाल्या काय करायचं?

आधी जखमी माणूस. 108 किंवा 112 ला फोन, हायवेवर असाल तर 1033 सुद्धा चालतो. मोटार अपघातातल्या जखमीला 7 दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार देण्याची केंद्राची योजना मे 2025 पासून लागू आहे. ठोकणारी गाडी सापडायलाच हवी अशी अट नाही, पण दवाखाना योजनेच्या यादीतला हवा. दाखल करताना काउंटरवर तेवढं विचारा.

माणूस दवाखान्यात पोचला की घरातल्या एका शहाण्या माणसानं मागं फिरून जागेवर जायचं. काचेचे तुकडे, रंगाचे पापुद्रे, तुटलेला आरसा, टायरच्या खुणा यांचे फोटो काढायचे. वस्तू उचलायच्या नाहीत, त्या पंचनाम्यात यायला हव्यात. आजूबाजूचा ढाबा, पेट्रोल पंप, दूध डेअरी, पतपेढी यांचे कॅमेरे बघायचे. बऱ्याच कॅमेऱ्यांत जुनं चित्रण थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं. म्हणून 'अमुक ठिकाणचं फुटेज ताब्यात घ्या' असा लेखी अर्ज त्याच दिवशी पोलिसांना द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

पुणे-बेंगळूर हायवेवर टोलनाके कामाला येतात. तवंदी घाट उतरून कोल्हापूरकडं पळालेला ट्रक हायवे सोडून आत वळला नाही तर कोगनोळी नाक्यावर दिसतो. बेळगावच्या बाजूला आला तर हत्तरगी, त्याहून पुढं धारवाडकडं गेला तर हिरेबागेवाडी. फास्टॅगच्या नोंदीत गाडी आणि वेळ दोन्ही असतात. अपघाताची वेळ अंदाजे पण प्रामाणिकपणे सांगितली तर पोलिसांना त्या वेळेपुरत्याच गाड्या चाळाव्या लागतात.

हंगामात ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरनं ठोकलं असेल तर टोलनाका कामाचा नाही, ते आतल्या रस्त्यांनी जातात. तिथं साखर कारखान्याचा वजनकाटा बघायला सांगा. काट्यावर प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ नोंदवलेली असते. रात्री दोन ट्रॉल्या जोडलेला, मागं दिवा नसलेला ट्रॅक्टर कुठल्या कारखान्याच्या वाटेवर होता हे गावात सगळ्यांना माहीत असतं. फक्त ते कागदावर कुणी आणत नाही.

तक्रार मराठीत देता येते का? ठाण्यात कन्नडच मागतात.

तक्रार अमुकच भाषेत हवी असं कायदा म्हणत नाही. तोंडी सांगितलेली तक्रारही पोलिसांनी लिहून घेऊन, वाचून दाखवून, मग सही घ्यायची असते. एफआयआर मात्र कन्नडमध्ये होणार. त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

खरा धोका असतो 'वाचून दाखवून' या टप्प्यावर. माझ्याच एका नातेवाइकाच्या केसमध्ये ठाण्यात गाडी आल्याची दिशा उलटी लिहिली गेली. घरचे रडत होते, कन्नड कुणाला येत नव्हतं, सही झाली. पुढं उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलानं तेवढ्या एका ओळीवर तासभर घालवला. तेव्हा सही करण्याआधी कन्नड वाचणारा माणूस बोलवा, शेजारच्या किराणा दुकानातला असला तरी चालेल. त्याच्याकडून चार गोष्टी तपासून घ्या: वेळ, जागा, कोण कुठल्या बाजूनं येत होतं, आणि गाडीबद्दल काय लिहिलंय. 'अपरिचित वाहन' हा शब्द कन्नडमध्येही तसाच आहे. तुम्ही नंबर सांगितला असेल आणि तरीही कागदावर अपरिचित वाहन आलं असेल, तर तिथंच थांबा आणि दुरुस्त करून घ्या.

अपघात कागलजवळ झाला, माणूस निपाणीचा, उपचार बेळगावात. केस कुठली?

आमच्या भागातला सगळ्यात नेहमीचा प्रश्न.

फौजदारी खटला जिथं अपघात झाला तिथलाच. कागलच्या हद्दीत झाला तर तपास आणि खटला महाराष्ट्रातला. पण पहिली नोंद कुठंही करता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुणाचीही असली तरी ठाण्यानं तक्रार घ्यायला हवी. तिला झिरो एफआयआर म्हणतात, ती नंतर योग्य ठाण्याकडं जाते. 'तिकडं जावा, हे आमच्यात येत नाही' या उत्तरावर परत फिरायचं कारण नाही. शिवाय अपघाताचा जखमी आला की दवाखान्यातून एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून पोलिसांना कळवलं जातं. त्या नोंदीचा नंबर लिहून ठेवा. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आहे आणि वाहतूक पोलिसांची उत्तर व दक्षिण अशी वेगळी ठाणी आहेत, त्यामुळं शहरातला अपघात आणि तालुक्यातला अपघात यांचे कागद वेगवेगळ्या ठिकाणी शोधावे लागतात.

भरपाईच्या दाव्याचं तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 नुसार तो अपघाताच्या ठिकाणी, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथं, किंवा प्रतिवादी राहतो तिथं लावता येतो. निपाणीच्या माणसाला कागलच्या अपघातासाठी कोल्हापूरच्या चकरा माराव्या लागत नाहीत. आणि चंदगडच्या घरातला मुलगा बेळगावजवळ गेला, तर आईबापांना कोल्हापूर जिल्ह्यात मराठी कामकाजात दावा चालवता येतो. निवड तुमची आहे. सीमाप्रश्नाचा 2004 सालचा दावा सुप्रीम कोर्टात अजून पडून आहे, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पण दरवेळी कुणीतरी तो विषय काढतोच.

गाडी सापडली नाही म्हणून पोलिसांनी 'सी रिपोर्ट' टाकला. केस खोटी ठरली का?

नाही. कर्नाटकात 'बी रिपोर्ट' म्हणजे गुन्हा घडला नाही किंवा तक्रार खोटी, आणि 'सी रिपोर्ट' म्हणजे गुन्हा घडला पण आरोपी सापडला नाही. महाराष्ट्रात यालाच 'ए समरी' म्हणतात. तिथली 'सी समरी' वेगळी: गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. कोल्हापूरचा पाहुणा 'सी आला म्हणजे संपलं' असं सांगून घरात रडारड करून जातो ती या अक्षरांच्या फरकामुळं.

सी रिपोर्ट दंडाधिकाऱ्यापुढं जातो. तपास अर्धवट वाटत असेल, फुटेज घेतलंच नाही, साक्षीदाराला विचारलंच नाही, तर तिथं हरकत घेता येते आणि कोर्ट पुढच्या तपासाचा आदेश देऊ शकतं. नंतर गाडी सापडली तर तपास पुन्हा उघडतो. आणि हा रिपोर्ट 2 लाखांच्या अर्जाला उपयोगीच पडतो, गाडी सापडली नाही याचा तो सरकारी कागद आहे.

ते 2 लाख कुठून, कसे मिळतात?

1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये आहेत. आधी हे 25 हजार आणि साडेबारा हजार होते.

अर्ज ज्या तालुक्यात अपघात झाला तिथल्या महसुली अधिकाऱ्याकडं, म्हणजे तहसीलदार किंवा एसी (असिस्टंट कमिशनर) यांच्याकडं. आपल्याकडं ज्याला एसी म्हणतात तो पलीकडचा प्रांत. जिल्ह्यात बेळगाव, चिकोडी आणि बैलहोंगल असे उपविभाग आहेत, निपाणी चिकोडीत येतं. एफआयआर, शवविच्छेदनाचा अहवाल किंवा जखमेचा दाखला, ओळखपत्र, बँक पासबुक आणि वारसाचा पुरावा जोडायचा. तो अधिकारी महिन्याभरात चौकशी करून अहवाल डीसींकडं (जिल्हाधिकाऱ्यांकडं) पाठवतो, डीसी 15 दिवसांत मंजुरी देतात आणि रक्कम थेट खात्यात जमा होते. कागदावरची मुदत ही. प्रत्यक्षात अर्ज टेबलावर पडून राहतो, म्हणून पोचपावतीचा नंबर घेऊन महिन्यानं विचारायला जा.

ही योजना लोकांना माहीतच नसते हे सुप्रीम कोर्टाच्याही ध्यानात आलं. जानेवारी 2024 मध्ये कोर्टानं सांगितलं की महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर ठाण्याच्या अधिकाऱ्यानं जखमीला किंवा वारसांना या योजनेबद्दल लेखी कळवायचं. तुम्हाला असं पत्र आलंय का? नसेल तर ठाण्यात जाऊन मागा.

2 लाख घेतले आणि नंतर गाडी सापडली तर?

ट्रिब्युनलमध्ये दावा लावता येतो. मिळालेली रक्कम त्यातून वजा होते, एवढंच. घेतलेले पैसे लपवू नका.

गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही सापडले. कोर्टात काय होतं? 10 वर्षं शिक्षा होते ना?

या 10 वर्षांनी लोकांच्या मनात बराच गोंधळ घातलाय. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 चा दुसरा भाग तसा आहे: निष्काळजीपणे गाडी चालवून माणूस मारला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळाला तर 10 वर्षांपर्यंत कैद. जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी संप केला तो यावरच. नंतर 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली, पण हा तुकडा वगळून. हे लिहीपर्यंत तो अंमलात आलेला नाही.

आज लागतं ते कलम 106 चा पहिला भाग, 5 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सोबत बेदरकार वाहन चालवण्याचं कलम 281, जखमींसाठी कलम 125, आणि पळून जाण्याबद्दल मोटार वाहन कायद्याची कलमं 134 आणि 187. 1 जुलै 2024 च्या आधीच्या अपघाताला जुना भारतीय दंड विधानच लागतो, तिथं कलम 304अ ची कमाल शिक्षा 2 वर्षं.

जमावाच्या भीतीनं ड्रायव्हर पळाला तर? कलम 134 ही अडचण मान्य करतं. पण मग त्यानं जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर 24 तासांत हजर होऊन सांगायला हवं. तीन दिवसांनी वकिलाला घेऊन येणाऱ्याला ही सवलत नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर घरी दिसला म्हणून संतापू नका. हे गुन्हे जामीनपात्र आहेत, जामीन हा त्याचा हक्क आहे. सुटका म्हणजे निर्दोष नव्हे. दारू पिऊन किंवा माणूस मरेल हे दिसत असताना गाडी घातली असेल तर सदोष मनुष्यवधाचं कलम 105 लागू शकतं. मग खटला सेशन्स कोर्टात जातो आणि जामीनही सोपा राहत नाही.

दंडाधिकाऱ्यापुढं केस बहुतेक एकाच प्रश्नावर अडते: स्टिअरिंगवर कोण होतं? गाडी सापडते, मालक सापडतो, आणि ड्रायव्हर म्हणून भलताच, लायसन असलेला माणूस उभा केला जातो. म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 ची नोटीस महत्त्वाची. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे मालकाला सांगावं लागतं. ती नोटीस आणि तिचं उत्तर दोषारोपपत्रात आहे का हे बघा. दोषारोपपत्राची प्रत पीडितालाही मिळते.

दुसरी अडचण साक्षीदारांच्या एका वाक्याची. 'गाडी भरधाव होती.' कर्नाटकातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1998 साली म्हटलं की नुसता जास्त वेग म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला असं नाही. साक्षीदारानं काय पाहिलं ते सांगायला हवं: गाडी उजवीकडं आली, वळणावर ओव्हरटेक करत होती, लाईट बंद होते, बैलगाडी बाजूनं जात असताना घुसली. बेगुसरायचा ट्रक असो की बेळगुंदीचा टेम्पो, पाहिलेलं जसंच्या तसं सांगणारा एक माणूस भरधाव म्हणणाऱ्या दहांपेक्षा भारी पडतो.

कोर्टात साक्ष मराठीत देता येते का?

येते. तुम्ही ज्या भाषेत बोलता ती समजून घेणं ही कोर्टाची जबाबदारी. शक्य असेल तर त्याच भाषेत, नाहीतर भाषांतर करून नोंद होते, आणि साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवावी लागते. मोडक्या कन्नडमध्ये साक्ष देऊन शूरपणा दाखवू नका. मराठी कागद दाखल करताना मात्र त्यांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर लागतं.

ट्रिब्युनलमध्ये किती मिळतं?

उदाहरणानं सांगतो. वडगाव-शहापूरकडं विणकामाच्या मागावर काम करणारा 32 वर्षांचा माणूस, महिना 15,000 कमाई. मागं बायको, दोन मुलं, आई. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार आणि वय 40 च्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरतात: 21,000. अवलंबून असलेले चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: 15,750. वर्षाचे 1,89,000. त्या वयासाठी ठरलेला गुणक (वर्षाच्या रकमेला ज्यानं गुणायचं तो आकडा) 16. झाले 30,24,000. शिवाय अंत्यविधी, सहवास गमावणं वगैरेंची ठरलेली रक्कम. हे सूत्र सुप्रीम कोर्टानं 2009 आणि 2017 च्या निकालांत घालून दिलेलं आहे.

आता शेजारी ते 2 लाख ठेवून बघा. नंबर मिळवण्यासाठी पहिल्या दिवशीची धावपळ का, ते कळेल.

कमाईचा पुरावा नसेल तर कोर्ट अंदाजानं धरतं, आणि तो अंदाज बहुधा कमीच असतो. मागमालकाची वही, सोसायटीचं खातं, फोनवरून आलेल्या पैशांच्या नोंदी, डेअरीची बिलं, जे असेल ते आणा. ट्रिब्युनलमध्ये पुरावा फौजदारी कोर्टाइतका कडक लागत नाही, शक्यता कुठं झुकते एवढं बघतात. त्यामुळं ड्रायव्हर तिकडं निर्दोष सुटला तरी इकडं दावा बुडत नाही.

मुदत: अपघातापासून 6 महिने. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये कोर्टानं त्याचा निकाल होईपर्यंत केवळ मुदतीवरून दावे फेटाळू नका असं अंतरिम सांगितलं. त्यावर विसंबू नका, 6 महिनेच धरून चला. पोलिसांनी 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल ट्रिब्युनलला द्यायचा आणि तो दावा म्हणून घेता येतो, असाही नियम आहे. पण तो पोचला की नाही ते वकिलाकडून तपासून घ्या.

ट्रॅक्टरला विमा आहे, ट्रॉलीला नाही. विमा कंपनी नको म्हणते.

म्हणणारच. लायसन नव्हतं, ट्रॉली जोडलेली होती, शेतीऐवजी भाड्यानं वापर होता, अशी सगळी कारणं येतात. काही वेळा ट्रिब्युनल 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा हुकूम करतं, काही वेळा सगळं मालकावर पडतं. म्हणून मालकाचं नाव सुरुवातीपासून दाव्यात हवं. गाडी विकली पण नोंदणी जुन्याच नावावर राहिली असेल, तर कायद्यापुढं मालक तो जुनाच.

घरच्यांनी पैसे घेऊन मिटवलं तर केस बंद होते का?

मृत्यूची केस नाही. ती तडजोडीनं मिटवता येत नाही, खटला सरकारचा असतो. कोऱ्या बाँडवर सही केलेला कागद मात्र पुढं ट्रिब्युनलमध्ये तुमच्याविरुद्ध दाखवला जातो.

रस्त्यावर पडलेल्याला उचललं तर आम्हीच अडकू का?

नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ आणि कर्नाटकाचा 2016 चा स्वतंत्र कायदा मदत करणाऱ्याला संरक्षण देतात. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती नाही. पण गाडी पाहिली असेल तर कृपा करून सांगा.

दवाखान्याबाहेर एकजण भेटला, 'टक्केवारीवर केस करतो' म्हणाला.

मिळणाऱ्या रकमेवर टक्का ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. तो माणूस वकील नसेल तर बोलायलाच नको. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा प्राधिकरण गाठा, फोन 15100.

लोकअदालतीत मिटवावं का?

विमा कंपनी गाडी मान्य करत असेल आणि वाद फक्त रकमेचा असेल तर विचार करा. वरच्या उदाहरणासारखा हिशोब स्वतः मांडून मगच जा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. ट्रिब्युनलच्या निकालावर मात्र 90 दिवसांत हायकोर्टात अपील होतं, आपल्या जिल्ह्यासाठी ते धारवाड पीठ.

निकाल लागला. सगळी रक्कम एकदम हातात येते का?

बहुतेकदा नाही. विमा कंपनी व्याजासह रक्कम ट्रिब्युनलकडं भरते. विधवेच्या वाट्यातला काही भाग मुदत ठेवीत जातो, मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत राहतो. शाळेची फी, ऑपरेशन, घराची दुरुस्ती असं खरं कारण असेल तर मुदतीआधी काढण्यासाठी ट्रिब्युनलकडं अर्ज करता येतो, सोबत फीची पावती किंवा दवाखान्याचं अंदाजपत्रक जोडायचं. बँक खातं लाभार्थीच्या स्वतःच्या नावाचं हवं. दिराच्या किंवा 'मदत करणाऱ्या' ओळखीच्या माणसाच्या नावाचा चेक मागू नका.